दिवा लागला की सांगली का जाते?

खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या वाटेवर माझं आजोळ. पावसाळ्यात तिथे टीव्हीपेक्षा रेडिओवर भरवसा जास्त. मामांच्या पडवीत खिळ्याला एक जुना रेडिओ टांगलेला असतो. सकाळी धारवाड, संध्याकाळी सांगली, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर. मामांना हे आकडे माहीत नाहीत, काट्याची जागा मात्र अंधारातही सापडते. मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "पडवीत नवा बल्ब लावलाय, तवापास्नं सांगली लागंना बघ. धारवाड लागतंय. बल्बाचं आणि सांगलीचं काय वैर हाय रे?"

त्याच आठवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं. मी विजेची पॅनेल आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह यांची कामं करतो. तिथे हायड्रॉलिकचे पार्ट काढणाऱ्या मशीनच्या मोटरला नवीन ड्राइव्ह बसवला होता आणि तेव्हापासून नग मोजणारा काउंटर जास्तीचं मोजत होता. संध्याकाळी ट्रेमध्ये नग २०८, काउंटरवर २१३. सेन्सर दोनदा बदलून झाला होता. मालक म्हणाले, "पाच नग रोज कोण खातंय ते सांगा."

दोन्ही ठिकाणी रोग एकच. पुस्तकात त्याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात, म्हणजे एका उपकरणाच्या विजेने दुसऱ्याच्या कामात नको तिथे हात घालणं. वर्कशॉपमध्ये आम्ही 'नॉईज' म्हणतो, मामा खरखर म्हणतात. मी मामांचाच शब्द घेतो. छपरावर सोलरचा इन्व्हर्टर, दारात विजेची स्कूटर, प्रत्येक खोलीत दोन-तीन चार्जर अशी घरं आता बेळगावात आणि खेड्यांतही वाढताहेत, त्यामुळे ही खरखर आज ना उद्या तुमच्याही दारी येणार आहे.

## आधी हे सांगा, वीज एवढी वेगाने चालू-बंद करायचीच कशाला?

पूर्वी रेडिओला सेल परवडत नाहीत म्हणून एलिमिनेटर मिळायचा. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, हातात घेतला तर दगडासारखा. आज त्याच्याहून कितीतरी ताकदीचा चार्जर शर्टाच्या खिशात मावतो. हा फरक पडला तो विहिरीवरून पाणी आणण्याची पद्धत बदलल्यामुळे.

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला सेकंदात ५० खेपा मिळतात, तेवढ्यात सगळं पाणी वाहायचं तर घागर मोठी हवी. खेपा ६५,००० केल्या तर तेच पाणी तांब्याने वाहता येतं. १३०० पट जास्त खेपा, म्हणून भांडं एवढंसं. चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी या सगळ्यांच्या पोटात हा तांब्यावाला बसलेला आहे. त्यासाठी आत एक इलेक्ट्रॉनिक खटका असतो, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. मोटरच्या ड्राइव्हमध्ये खेपा कमी, साधारण २,००० ते १६,०००, पण तत्त्व तेच.

मग खेपा ६५,००० आणि सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२ लाख ५१ हजार हेलकाव्यांवर, तर दोघांची गाठ पडते कुठे?

## दोष खेपांपेक्षा घाईचा जास्त

चिक्कोडी-निपाणीकडे नदीवरून पाणी उचलणाऱ्या पाइपलाइनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लवकर कळेल. पंप चालू असताना करंट गेला की पाइपात धाडकन आवाज होतो, कधी जोड उखडतो. पाणी तेच आणि पाइपही तोच, पण वाहतं पाणी एकदम अडलं म्हणून दणका बसला. व्हॉल्व्ह हळूहळू बंद केला असता तर कुणाला कळलंही नसतं.

खटक्याचं तसंच आहे. चार्जरमधला खटका तीनशेच्या वर व्होल्ट असे काही उघडतो-मिटतो की त्याला सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाइतका वेळ लागतो. याला ५० नॅनोसेकंद म्हणतात. आता हलगी आठवा. तळहाताने थाप दिली तर घुमारा येतो, बारीक काडीने वाजवली तर तडतड येते आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. ठोका जितका तीक्ष्ण, तितके त्यात वरचे सूर जास्त. विजेचा ठोका ५० नॅनोसेकंदांचा असेल तर त्याचे सूर साधारण ६० लाख हर्ट्झपर्यंत म्हणजे ६ मेगाहर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी जोर धरून राहतात, तिथून पुढे झपाट्याने मावळतात. सांगली त्याच्या खूप आत आली.

शिवाय हे सूर कुठेही पडत नाहीत, मूळ खेपांच्या पटीत पडतात. समजा मामांच्या बल्बातला खटका सेकंदाला ६६,००० वेळा चालतो. त्याची बारा पट म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ, हे पुणे केंद्र. एकोणीस पट म्हणजे १२५४, सांगलीला अगदी चिकटून. धारवाडच्या ७६५ वर मात्र कुठलीच पट येत नाही. त्यात धारवाड जवळचं आणि जोरकस, सांगली लांबची आणि आधीच क्षीण. बल्बाचं वैर सांगलीशीच का, याचं उत्तर बहुधा एवढंच. स्वस्त बल्बात हा आकडा स्थिर नसतो, इकडेतिकडे सरकतो, म्हणून शिट्टी न येता सरसकट खरखर येते.

जाता जाता: १८८७ च्या सुमाराला जर्मनीत कार्ल्सरूहे इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी पहिल्यांदा रेडिओ लहरी पाठवल्या, त्या ठिणगी पाडूनच. आज जिला आपण खरखर म्हणून शिव्या देतो, तीच रेडिओची आई.

## वीज घरी परततेच, प्रश्न वाटेचा

इथे जरा थांबावं लागेल, कारण माझ्या वीस वर्षांच्या कामात हीच एक गोष्ट लोकांना सगळ्यात उशिरा पटते. वीज कुठेही 'जाऊन संपत' नाही. जिथून निघाली तिथे परत येते. अर्थिंगमध्ये सोडली म्हणजे जमिनीत जिरली, असं नसतं. तिला जवळची वाट दिली तर ती गुपचूप परतते. दिली नाही तर वाट शोधत शेजाऱ्याच्या अंगणातून, म्हणजे सेन्सरच्या वायरीतून, रेडिओतून, मोटरच्या बेअरिंगमधून फिरून येते. आपल्याला ऐकू येणारी खरखर म्हणजे या लांबच्या फेरीवरची वीज.

पण वायर न जोडता वीज बाहेर पडते कशी? दोन धातूंच्या मध्ये काहीतरी न-वाहक असलं की त्याचा आपोआप कंडेन्सर होतो. पंख्याचा कंडेन्सर तुम्ही पाहिलाय. तसाच न बसवलेला, न दिसणारा कंडेन्सर मोटरच्या वायरी आणि जमीन यांच्यात, खटका आणि त्याची उष्णता घालवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये तयार होतो. ५० हर्ट्झला तो नसल्यासारखाच. पण दाब, म्हणजे व्होल्टेज, जितक्या वेगाने बदलेल तितकी वीज त्यातून पलीकडे उडी मारते.

उद्यमबागेतला हिशेब सांगतो. तिथल्या थ्री-फेज ड्राइव्हच्या आत सुमारे ५६० व्होल्ट, खटक्याला लागणारा वेळ ०.१ मायक्रोसेकंद. मोटरपर्यंतच्या केबलचा असा न दिसणारा कंडेन्सर १ नॅनोफॅरड धरला, जो दहाएक मीटर केबलला फार नाही, तर प्रत्येक ठोक्याला ५.६ अँपियर जमिनीकडे उडी मारतात. क्षणभरच, पण सेकंदाला हजारो वेळा. मालकांचे पाच नग या उड्यांनी खाल्ले होते. काही कारखान्यांत ईएलसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, उगाच पडतो तोही यामुळेच, आणि ड्राइव्ह लावल्यावर वर्षा-दोन वर्षांत मोटरचं बेअरिंग गुरगुरायला लागलं, उघडल्यावर आत बारीक पन्हाळीसारखे चरे दिसले, तर तिथूनही हीच वीज परतत होती असं समजा.

## चोक, कंडेन्सर आणि रहाटाच्या दोन बादल्या

खरखर मारायची साधनं नवी नाहीत. जुन्या ट्यूबलाइटच्या स्टार्टरची डबी उघडून पाहा. आत काचेच्या नळीशेजारी छोटा कंडेन्सर असतो. ट्यूब त्याच्याशिवायही लागते. तो मुख्यतः रेडिओची खरखर दाबण्यासाठी बसवलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या कारागिराने ठेवलेली ही सभ्यता आजचा स्वस्त बल्ब पाळत नाही.

चांगल्या चार्जरच्या तोंडाशी एक विशेष चोक असतो. त्याची युक्ती मला फार आवडते. विहिरीवर रहाटाच्या एकाच दोराला दोन बादल्या आहेत असं समजा. एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, वजनं एकमेकांना तोलतात, हाताला भार लागत नाही. कामाची वीज अशीच असते, फेजने जाते आणि न्यूट्रलने परतते. खरखरीची वीज मात्र दोन्ही वायरींतून एकाच दिशेला पळते आणि परतते जमिनीवाटे. म्हणजे दोन्ही भरलेल्या बादल्या एकदम वर ओढायच्या. या चोकमध्ये दोन्ही वायरी एकाच कड्यावर अशा गुंडाळतात की जाणारी-येणारी जोडी विनाभार सुटते आणि एकाच दिशेला पळणाऱ्यांना सगळा भार पडतो. लॅपटॉपच्या वायरवर जो काळा गठ्ठा दिसतो तो याच घराण्यातला. आत फेराईट असतं, मामांच्या रेडिओत अँटेना म्हणून जी काळी कांडी आहे तेच द्रव्य. वायर त्यातून एकदा जाण्याऐवजी तीन वेढे दिले तर परिणाम तिप्पट नाही, जवळपास नऊपट होतो. मात्र फार वेढे देऊ नका, वेढ्यांचाच आपसात न दिसणारा कंडेन्सर तयार होतो आणि खरखर त्यातून निसटते.

चोक अडवतो, कंडेन्सर परतीची जवळची वाट देतो. दोघे मिळून फिल्टर. आणि उपकरणाच्या आतल्या सर्किट बोर्डवर पहिली काळजी म्हणजे खटका आणि त्याला वीज पुरवणारा कंडेन्सर यांच्यातला फेरा जितका लहान तितका बरा, कारण विजेचा प्रत्येक फेरा ही एक अँटेनाच असते. फेऱ्याचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर लहर दुप्पट जोरात बाहेर पडते. वारंवारिता, म्हणजे सेकंदातल्या हेलकाव्यांची संख्या, दुप्पट झाली तर चौपट. बोर्ड आखणारा माणूस कसबी असेल तर निम्मं काम एक रुपयाही न घालता तिथेच होतं, असं माझं मत आहे. बाकीचे नंतर फिल्टरवर पैसे ओततात.

## "अर्थिंग तर चांगलं आहे!"

हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी ऐकतो. आणि ते खोटंही नसतं. वायरमनने खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून केलेलं अर्थिंग शॉकपासून वाचवायला उत्तम आहे. पण ते ५० हर्ट्झचं अर्थिंग.

एक मीटर साध्या वायरीचा अडथळा, तिच्या इंडक्टन्समुळे म्हणजे वीज एकदम बदलू न देण्याच्या गुणामुळे येणारा, ५० हर्ट्झला एका ओहमच्या तीन हजाराव्या भागाइतका म्हणजे शून्यच. १० मेगाहर्ट्झला तीच एक मीटर वायर सुमारे ६३ ओहमचा अडथळा होते. वायर बदललेली नाही, जाडही तीच. पॅनेलपासून खड्ड्यापर्यंत वीस मीटर हिरवी वायर ओढली असेल तर खरखरीच्या दृष्टीने खड्डा आहे आणि वाट नाही.

उद्यमबागेत नेमकं हेच होतं. मोटरची केबल जाळीची होती, म्हणजे वायरींभोवती विणलेलं तांबं असलेली, महागाची. पण पॅनेलमध्ये आणल्यावर ती जाळी उकलून, पिळून तिची शेंडी केली होती आणि शेंडीला पंधरा-वीस सेंटिमीटर वायर जोडून अर्थ बारवर नेली होती. दिसायला सुबक. पण जाळीचं काम उडालेल्या विजेला सरळ ड्राइव्हकडे परत आणणं, आणि शेवटच्या वितीवर तिच्यापुढे शेंडीचा अडथळा. तिने सेन्सरची वायर धरली, जी त्याच केबल-ट्रेमधून शेजारून जात होती.

आम्ही शेंडी कापली. जाळीला चोहोबाजूंनी पकडणारा क्लॅम्प लावून ती सरळ पॅनेलच्या पाठच्या पत्र्यावर दाबली, मोटरकडच्या टोकालाही तसंच केलं. पत्र्याला रंग होता, तो क्लॅम्पखाली पॉलिश पेपरने खरवडला. रंगावर क्लॅम्प म्हणजे छत्री उघडून अंघोळ. सेन्सरची वायर दुसऱ्या केबल-ट्रेमध्ये हलवली, जिथे मोटरची केबल ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. सामान साडेतीनशे रुपयांचं. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये १९६, काउंटरवर १९६. मालकांना अजून वाटतं मी सेन्सरच बदलला.

## "मग घाईच कमी करा की"

करता येते. खटक्याच्या तोंडाशी एक रोध (रेझिस्टर) वाढवला की तो सावकाश उघडतो. पण चोर्ल्याच्या घाटात हाफ क्लचवर गाडी चालवून पाहा. पूर्ण दाबलेला क्लच तापत नाही, पूर्ण सोडलेलाही नाही, मधल्या अवस्थेत प्लेट जळते. खटकाही अर्धा उघडा असताना दाब आणि प्रवाह दोन्ही अंगावर घेतो आणि तापतो. घाई कमी केली की उष्णता वाढते, मग उष्णता घालवणाऱ्या पट्ट्या मोठ्या, चार्जर मोठा, आणि आपण पुन्हा एलिमिनेटरच्या दगडाकडे.

दुसरा रस्ता चलाख आहे. एसटी थांबल्यावर उतरलं तर धक्का बसत नाही. चोक आणि कंडेन्सर मिळून विजेचा झोका तयार करायचा आणि दाब शून्यावर आला की नेमका तेव्हाच खटका चालू करायचा. इंडक्शन शेगडीत आणि बऱ्याच मोठ्या चार्जरमध्ये हे होतं.

तिसरा, खेपांचा वेग थोडा मागेपुढे हलवत ठेवायचा, म्हणजे एकाच सुरावर सगळा जोर येत नाही. याबद्दल माझं मन थोडं साशंक आहे. मोजणीच्या यंत्रावर आकडा उतरतो हे खरं, पण आरडाओरडा तेवढाच राहून फक्त सगळ्या गावात वाटला जातो.

नव्या चार्जरवर 'गॅन' लिहिलेलं दिसतं ते गॅलियम नायट्राइड. हे आणि सिलिकॉन कार्बाइडचे खटके कमी तापतात, कारण त्यांची घाई आणखी मोठी. ५० ऐवजी ५ नॅनोसेकंद धरले तर सूर ६४ मेगाहर्ट्झपर्यंत जोर धरतात, एफएमच्या उंबऱ्याशी. म्हणजे लहान आकाराचं बक्षीस आणि खरखरीचं कर्ज एकाच पुडीत. विजेच्या गाड्यांतही हीच कुरबुर. अमेरिकेत २०२३ मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून एएम रेडिओ काढायचं ठरवलं होतं, ओरड झाल्यावर मे महिन्यात निर्णय फिरवला. मोटरच्या ड्राइव्हची खरखर हे त्या वादाचं एक मूळ होतं.

## "याला काही कायदा नाही का?"

मर्यादा जुन्या आहेत. रेडिओ घरोघरी गेला आणि भांडणं सुरू झाली, म्हणून १९३४ मध्ये 'सिस्प्र' नावाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्या आकड्यांवर आज जग चालतं. घरगुती उपकरणाने वायरीतून बाहेर सोडायची खरखर १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजतात, त्यापुढे हवेतून. मर्यादा किती कडक? ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमध्ये जवळपास ०.६३ मिलिव्होल्ट. २३० व्होल्टच्या वायरीवर एक मिलिव्होल्टही नाही. चार्जरवाले ६५ किलोहर्ट्झ का निवडतात त्याचं एक कारणही इथे सापडतं. त्याची दुप्पट १३०, मोजणीच्या उंबऱ्याआधीच राहते.

आपल्याकडे बल्बवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) जो नोंदणी क्रमांक असतो तो मुख्यतः शॉक आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा. सांगली लागेल याची हमी म्हणून तो वाचू नये.

## "अंगाला काही होतं का?"

मिलिव्होल्टच्या या खरखरीने शरीराला इजा होत नाही, रेडिओला होते. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र चालू इंडक्शन शेगडीपासून दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर, अंतर राखावं असं डॉक्टर सांगतात, ते पाळावं.

आणि चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवला की मुंग्या येतात, त्याबद्दल नेहमी विचारतात. ती बहुतेक वेळा खरखर मारण्याचीच किंमत असते. उडी मारून पलीकडे गेलेल्या विजेला परतीची जवळची वाट म्हणून चार्जरमध्ये दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा खास कंडेन्सर ठेवतात. त्यातून ५० हर्ट्झचीही मिलिअँपियरच्या अंशाइतकी वीज झिरपते. हा कंडेन्सर अशा जातीचा असतो की बिघडलाच तर तुटून अलग होतो, आरपार जुळत नाही. म्हणूनच बिननावाच्या चार्जरमध्ये त्याच्या जागी कुणी साधा कंडेन्सर बसवला असेल तर मला मुंग्यांची नव्हे, त्याची भीती वाटते. झटका जाणवत असेल तर चार्जर फेका.

## मामांच्या पडवीत

दिवाळीत गेलो तेव्हा रेडिओ सेलवर चालू केला, सांगलीवर लावला आणि घरातले एमसीबी एकेक करून पाडले. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, जुना एएम रेडिओ हाच उत्तम शोधक. पडवीचा एमसीबी पाडला, खरखर निम्म्याने उतरली. बल्ब दोषी होताच. स्वयंपाकघराचा पाडला, आणखी थोडी. तिथे मामींच्या मोबाइलचा बाजारातला चार्जर दिवसभर प्लगमध्ये होता. मेन पाडला, सगळं घर अंधारात, तरी रेडिओत बारीक सळसळ उरलीच.

मामांना वाटलं मी फसवतोय. मग मी रेडिओ हातात घेऊन हळूहळू गोल फिरलो. फेराईटच्या कांडीचं टोक ज्या दिशेला गेलं की खरखर मरते, खरखरीचं मूळ साधारण त्या रेषेत असतं. रेषा शेजाऱ्याच्या गोठ्याकडे गेली. त्याच्या दूध काढण्याच्या मशीनला नवीन ड्राइव्ह बसलाय.

"सांग की त्याला तुझी शेंडी काप म्हणून," मामा म्हणाले. मी म्हटलं, "सांगतो मामा, पण आत्ता धारा काढायची वेळ आहे."

बल्ब बदलला, तोही दुकानात रेडिओ जवळ धरून, पेटवून पाहून. चार्जर बदलला. रेडिओ खिळ्यावर सरळ न टांगता किंचित तिरका टांगला, कांडीचं टोक गोठ्याकडे करून. मामांनी भिंतीवर खडूने त्या तिरक्या कडेची रेघ मारून ठेवलीय, कुणी पुसताना हलवला तर परत लावता यावा म्हणून.